ब्रेकचा निरोप

रिछाईतला तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन प्रत्येक वाक्याआधी "अच्छा" म्हणायचा. माझ्या गाडीत इशाऱ्याचा दिवा लागला, तेव्हा लॅपटॉप जोडून म्हणाला, "अच्छा, ब्रेकचा निरोप गाडीच्या कॉम्प्युटरला उशिरा पोहोचून राहिला. वायर शोधावी लागते."

मुलांना घेऊन लग्नाला जायचं होतं. मी घाई केली. त्याने दिवा तेवढा विझवला.

दुसऱ्या दिवशी तो राइट टाउनला आमच्या दारात उभा. "भैया, चावी द्या. बिघाड तसाच आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्याची मान खाली होती. त्याने वायरला हातही लावला नव्हता, हे मी शेजारी उभा राहून पाहिलं होतं. मलाही ते ठाऊक होतं, हे न सांगता मी चावी दिली आणि त्याला एकट्यालाच शरमू दिलं.