आमच्या गावाला हरकत नव्हती

माझं माहेर चाकणचं. चाकणची माणसं कांद्याच्या बाजारात वाढलेली, त्यामुळं तोंडानं तिखट. भाव पटला नाही तर तिथल्या तिथं सांगणार, मग समोर मामा असो नाहीतर मामलेदार. अशा गावातून मी लग्न होऊन पवनेच्या काठी आले आणि पहिल्या महिन्यातच मला कळलं, की आपण भलत्याच मुलखात येऊन पडलोय. इथं कुणी कुणाला नाही म्हणतच नव्हतं!

गाव छोटंसं. एका अंगाला रेल्वेचे रूळ आणि मुंबईचा रस्ता, दुसऱ्या अंगाला नदी. रुळांपलीकडं नुसता माळ, खडक आणि कुसळं, शेरडंसुद्धा नाखुशीनं चरायची. नदीकडं मात्र काळी जमीन, मळे, विहिरी. मारुतीचं देऊळ, त्यातच शाळा, शेजारी तालीम आणि चावडी. बाजाराला पिंपरीला जायचं. तिथल्या कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी नवी दुकानं मांडली होती. त्यातला एक कापडवाला आम्हाला बघितलं की हसून म्हणायचा, "हरकत न्हाई!" त्याला मराठीतले पहिले दोन शब्द आमच्या गावानं शिकवले होते.

कारण आमचं गाव दिवसभर तेच बोलायचं. कुणाची बैलगाडी दारातल्या तुळशीला घासून गेली, हरकत न्हाई. पाहुणा सांगून आला नाही, हरकत न्हाई. न सांगता चौघांना घेऊन आला, तरी हरकत न्हाई, बसा, भाकरी टाकतो. जत्रेत गाड्यांच्या शर्यतीत आमचे बैल हरले, जिंकणाऱ्यानं दारापुढं येऊन गुलाल उधळला, तर मामंजींनी त्यालाच चहा पाजला. मामंजी म्हणजे माझे सासरे. मी ह्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुमच्या गावात कुणाची कधी हरकत असते का हो?" तर हे म्हणाले, "असली तरी तोंडावर कशी सांगायची? वाईट दिसतं." घ्या! मी कपाळावर हात मारला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई म्हणजे मळा आणि मळा म्हणजे आत्याबाई. नदीकाठचा तो तुकडा त्या लग्न होऊन आल्या तेव्हा कोरडवाहू होता. त्यांनी आणि मामंजींनी मिळून तिथं विहीर खणली. मामंजी खाली सुरुंगाची भोकं पाडायचे आणि आत्याबाई पोटुशी असताना डोक्यावरून दगडाच्या पाट्या वर आणायच्या. त्या पाण्यावर त्यांची वांगी व्हायची. जांभळी, काटेरी, देठाला धरली तर बोटाला टोचणारी. पहाटे उठून त्या आधी मळ्यात जायच्या, मग चुलीकडं यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मला मेल्यावर नदीवर नगं, हितंच इहिरीपाशी ठिवा." मी म्हटलं, "आत्याबाई, असं अभद्र काय बोलता!" तर हसल्या.

कारखाना येणार ही बातमी आधी पिंपरीच्या बाजारातून आली. सगळं गाव म्हणालं, माळावर येणार. दुसरीकडं कुठं येणार? त्या खडकाला दुसरं गिऱ्हाईक तरी कोण! तरण्या पोरांना नोकरीची स्वप्नं पडायला लागली. मग एक दिवस कोतवाल दवंडी देत फिरला, की उद्या पुण्याहून साहेब येणार, ज्यांची हरकत असंल त्यांनी चावडीवर हजर राहावं. लोकांनी ऐकलं एवढंच, की साहेब येणार. मग पाहुणचाराची लगबग सुरू झाली. चावडीची कौलं त्या वेळी शाकारायला काढलेली, म्हणून साहेबांची बैठक आमच्याच ओसरीवर ठरली. मामंजींना केवढा आनंद! घोंगडी झटकली, तक्क्या मागून आणला.

साहेब सकाळी यायचे, ते जेवणवेळेला आले. ओढ्यात जीप रुतली होती. वयानं तरणे, चष्मा, बोलणं अगदी पुण्याचं, मऊ. आल्या आल्या म्हणाले, "माफ करा, फार खोळंबलात." ओसरीवरची सगळी माणसं एका सुरात म्हणाली, "हरकत न्हाई, साहेब!"

मी आणि आत्याबाई दाराआड होतो. जेवायला भरली वांगी केली होती. साहेबांनी दोनदा मागून घेतली. "अशी वांगी आमच्याकडं पुण्यात मिळत नाहीत," म्हणाले. आत्याबाईंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. मग साहेबांनी कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. सार्वजनिक प्रयोजनार्थ, संपादन, सर्व्हे नंबर अमुक ते तमुक. आमच्या गावात रानाला नंबर नव्हते, नावं होती. चिंचेखालचं, वडाचं, आत्याबाईंचा मळा. त्या नंबरांत आमचं काय आहे हे कुणाला कळणार? सगळे माना डोलवत होते, जसं कीर्तनात संस्कृत आलं की डोलवतात.

वाचून झाल्यावर साहेबांनी चष्मा काढला. माणूस भला होता हो, उगाच कशाला नावं ठेवू. त्यांनी अगदी घरच्यासारखं विचारलं, "तुमची सगळ्यांची थोडी गैरसोय होणार आहे. हरकत नाही ना?"

गैरसोय! मामंजींना वाटलं, साहेब परत येणार, पुन्हा जेवणखाण, पुन्हा बैठक, त्याबद्दल संकोचून विचारतायत. घरी आलेल्या माणसानं असं विचारावं म्हणजे यजमानाला लाजच की. ते हात जोडून उठले. "छ्या छ्या, साहेब! गैरसोय कसली? आमची काय बी हरकत न्हाई!" मागून अख्खी ओसरी म्हणाली, हरकत न्हाई, हरकत न्हाई. साहेबांनी लिहून घेतलं.

दाराआड आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "बघ, कसं गोड बोलत्यात तुजं मामंजी." साहेब निघाले तेव्हा आत्याबाईंनी टोपलीभर वांगी जीपमध्ये ठेवायला लावली. साहेब नको नको म्हणत होते. शेवटी घेतली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आत्याबाई मळ्यातून परत आल्या त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या पावलांना पांढरं लागलं होतं. मी म्हटलं, "आत्याबाई, रांगोळीत पाय पडला का?" त्या म्हणाल्या, "मळ्यात कुनी तरी फक्की वडलीया."

मी धावत गेले. बघते तर काय, चुन्याची पांढरी रेघ सरळ नदीकडून आली होती, वांग्यांच्या वाफ्यांमधून गेली होती आणि विहिरीला आत घेऊन पुढं निघून गेली होती. झाडावर वांगी तशीच लगडलेली, वर चुन्याचे शिंतोडे. माझी बोलतीच बंद झाली. माझी! पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तशी आमची खरोखरची सरकली होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

हे त्याच दिवशी पुण्याला गेले आणि साहेबांना भेटून आले. परत आल्यावर पाणीसुद्धा न पिता ओसरीवर बसले आणि मामंजींकडं न बघता सांगायला लागले. साहेब म्हणे ऐकून उभेच राहिले. "अहो, पण मी विचारलं होतं! तुमच्या वडलांनीच सगळ्यांत आधी हरकत नाही म्हणून सांगितलं. एकानं जरी हरकत घेतली असती तरी कारखाना माळाकडं सरकवावा असं मी लिहिलं असतं. तेवढी मुभा होती मला. आता ते वर गेलं." त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता, असं हे म्हणाले.

 मामंजी नुसते आपल्या हातांकडं बघत होते, साहेबांपुढं जोडलेल्या त्याच हातांकडं. मला असा संताप आला! वाटलं, मी चाकणची बाई त्या ओसरीवर असते ना, तर साहेबांना विचारलं असतं, कसली गैरसोय, कुणाची, किती? पण मग आठवलं, मीही दाराआड होतेच की. ऐकलं होतं. मलाही काही कळलं नव्हतं.

मला वाटलं, आत्याबाई आता मामंजींना बोलतील. बोलायलाच पाहिजे होतं. त्या दारात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "त्यांना कुनी काय म्हनू नगा. म्या बी आत व्हते. मला बी ग्वाडच वाटलं." हे ऐकून मामंजी रडले. एवढा मोठा गडी, तालमीतला, लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर आत्याबाईंचं एकच सुरू झालं. मोजणीची माणसं जमीन मोजायची साखळी घेऊन पुन्हा येणार होती. आत्याबाई म्हणाल्या, या खेपेला मी सांगणार. भाकरी थापताना पुटपुटायच्या, "हरकत हाय. हरकत हाय." जिभेवर बसेना त्यांच्या. मला विचारायच्या, "सूनबाई, असंच म्हनत्यात ना? हरकत हाय?" मी म्हणायची, "व्हय, आत्याबाई. आणि जोरात म्हणा, चाकणच्या बाईगत." साठ घरांचं गाव, पण ते शब्द असे जोडून कुणी कधी ऐकले नव्हते. शेजारीण विचारायला आली, तुमच्या सासूला बरं नाही का?

मोजणीची माणसं आली. आत्याबाई विहिरीपाशी बरोबर त्या चुन्याच्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या, अनवाणी, पदर खोचून. गाव बांधावर गोळा झालं. आणि काय सांगू, ती बाई ओरडली, "माजी हरकत हाय!"

 बांधावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, जिंकलो! मोजणीच्या मुख्य माणसानं हातातला नकाशा खाली घेतला. "मावशी, ते आता ठरलंय हो," म्हणाला. "ठरू द्या," आत्याबाई म्हणाल्या, "म्या हितनं हलायची न्हाई."  तो नकाशाची घडी घालायला आणि पुन्हा उलगडायला लागला.

साखळी धरलेला दुसरा माणूस मात्र लांब होता. त्याला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तो पाठमोरा, साखळी ताणत, एकेक पाऊल मागं येत होता. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत तो आत्याबाईंवर येऊन आदळला आणि त्याचा नाल ठोकलेला बूट त्यांच्या उघड्या पावलावर पडला. आत्याबाई कळवळल्या. तो दचकून वळला. घामानं निथळत होता बिचारा. "अरे देवा! लागलं का हो, मावशी? चुकलं माझं, दिसलंच नाही."

"हरकत न्हाई, दादा," आत्याबाई म्हणाल्या. "हरकत न्हाई."

आणि त्याला साखळी नेता यावी म्हणून त्या बाजूला सरकल्या.

तो पुढं गेला. साखळी खळखळत विहिरीला वळसा घालून गेली. तेव्हा कुठं आत्याबाईंनी खाली बघितलं. त्या रेघेच्या बाहेर उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला आणि माझ्याकडं बघितलं, आणि बांधावर अख्खं गाव उभं असून एकाच्याही तोंडातून हरकत न्हाई निघालं नाही.