आत्याचं बिनकर्त्याचं इंग्रजी

आमची आत्या शिलाई कारखान्यात मशिनी दुरुस्त करायची. एकदा तोंड उघडलं की समोरच्याला हूं म्हणायलाही फट मिळायची नाही. नव्या घराची डागडुजी होईपर्यंत मुलगा आणि सून तिच्याकडे राहायला आले, आणि ही बाई चक्क गप्प झाली.

सुनेला मराठी येत नव्हतं, आत्याला इंग्रजी जेमतेम. शिकवणीच्या बाईंनी बजावलं होतं, कर्त्याशिवाय इंग्रजी वाक्य उभंच राहत नाही. मराठीत नुसतं ‘जेवले’ म्हटलं की भागतं. इथे आधी आय, ही, शी की इट ते ठरवायचं. तोवर सून खोलीबाहेर गेलेली असायची.

एकदा मुलानं हळूच विचारलं, "आई, तुझा तिच्यावर राग आहे का? तिला तसं वाटतंय."

आत्याच्या जिवाला फार लागलं ते. दुसऱ्या दिवसापासून ती सुनेचं बोलणं कान देऊन ऐकू लागली. सकाळी सुनेनं विचारलं, "स्लेप्ट वेल?" कॉफीचा घोट घेऊन म्हणाली, "टेस्ट्स गुड." कर्त्याचा पत्ताच नाही! आत्यानं धीर करून तिलाच विचारलं. सून हसली. घरच्या बोलण्यात वाक्याच्या तोंडाशी आलेला आय, यू किंवा इट गाळला तरी चालतो, असं तिनं समजावलं. मात्र ‘बिकॉज’नंतर तो हवाच. आत्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिची गाडी जी सुटली ती थांबेना. सगळ्याच कर्त्यांना तिनं घाऊक रजा देऊन टाकली.

एका दुपारी मुलाचा फोन आला; तो नव्या घरी सामान चढवत होता. सून न्हाणीघरातून बाहेर येताच आत्यानं निरोप दिला, "कॉल्ड. फेल डाउन द स्टेअर्स. लेग ब्रोकन."

सून पांढरीफटक पडली. किल्ल्या शोधत तिनं कुठलं हॉस्पिटल ते विचारलं, तेव्हा आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"नो, नो! कबर्ड! कबर्ड फेल!"

सून मटकन खाली बसली. आत्यानं तिला कुशीत घेतलं, आणि दोघी रडता रडता हसू लागल्या. कोण ते ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल तरच गाळायचं, एवढं मात्र सुनेनं डोळे पुसता पुसता बजावलं.

संध्याकाळी मुलगा दारात आला, तर दोघी आधी त्याचे पाय चाचपू लागल्या.

"मला काय झालंय?" तो चक्रावला. "पाय कपाटाचा मोडलाय."