कळ्यांच्या लोणच्यातलं मीठ

कांचनाच्या कळीपुढे माणसाची काडीइतकीही किंमत नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. बदली होऊन झाशीला आलो तेव्हा त्यांच्या खालच्या दोन खोल्या बघायला गेलो होतो. काकांनी ना पगार विचारला, ना गाव. म्हणाले, "सकाळी किती वाजता उठता?" मी खरं ते सांगितलं, साडेसातला. "मग फाल्गुनात तुमचा काही उपद्रव नाही," असं म्हणून त्यांनी किल्ली हातावर ठेवली. याचा अर्थ मला फेब्रुवारी संपताना कळला. परसातल्या कांचनाला कळ्या धरल्या आणि काका रोज पहाटे स्टूल, पंचा आणि कानटोपी अशा थाटात झाडाखाली हजर होऊ लागले. लोणच्याची कळी उमलायच्या आत खुडावी लागते. एखादी उमललेली दिसली की ते मान हलवून म्हणत, "उमललेलं फूल म्हणजे रिटायर माणूस. शोभेला ठीक." त्यांना स्वतःला हेडक्लार्कच्या खुर्चीवरून उठून अकरा वर्षं झाली होती, पण याची आठवण करून द्यायची कोणाची छाती नव्हती.

काकांचं घराणं कित्येक पिढ्या झाशीतलं. घरात जुन्या वळणाचं मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की बुंदेली. मसाल्याच्या खरेदीला एकदा त्यांच्याबरोबर मानिक चौकात जायची चूक मी केली. राईचा एक दाणा दाताखाली धरून ते डोळे मिटून उभे राहिले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, एक सायकल आडवी झाली, पण डोळे काही उघडेनात. शेवटी दुकानदार म्हणाला, "काए बाबूजी, राई लेने आए हो के बिटिया कौ रिश्ता देखबे?" काका शांतपणे म्हणाले, "रिश्ते में तो एक बार धोखा खा भी लें भैया, राई में नहीं." आणि चौथ्या दुकानाकडे वळले.

कळ्यांना मिठाच्या पाण्यात एक उकळी द्यायची, सावलीत पंचावर सुकवायच्या, मग राईची भरड, बडीशेप, मेथी, हिंग, हळद, तिखट आणि सरसोंचं तेल. सोबत थोडं गाजर आणि फ्लॉवरचे तुरे, पण त्यांना काका 'पाहुणे' म्हणत आणि वागवतही तसंच. बरणी गच्चीवर उन्हात बसली की घराला संचारबंदी लागू. तिच्याजवळ शिंकायचं नाही. तिच्यासमोर दोरीवर बनियन वाळत घालायचं नाही. लिंबाच्या लोणच्याची बरणी तर शेजारी नकोच, कारण "लिंबू कान भरतं." पाडव्याला बरणी उघडून गावातल्या मराठी घरांना वाटी वाटी लोणचं जायचं आणि आठवड्याभरात काका पाहणीला जायचे. एका गृहस्थांनी वाटी फ्रिजमध्ये ठेवलेली सापडली. त्यांना तीन वर्षं लोणचं बंद होतं. शेवटी त्यांनी लेखी माफी मागितली, ती काकांनी शुद्धलेखन तपासून मंजूर केली.

बरणीला हात लावायची बंदी खुद्द काकूंनाही होती. "लोणच्याला एकच हात लागतो, आणि तो माझा," काका छत्तीस वर्षं सांगत आले होते. काकू पदराआड हसत आणि "हो तर," म्हणत.

गेल्या वर्षी काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पुण्याला गेल्या. ऑपरेशन झालं, आणि लेकीने फोनवर विषय काढला, "बाबा, अब बस करो ना. आईला आता जिना नको. घर विकून तुम्हीही इकडेच या." काका माझ्यासमोर बोलत होते. म्हणाले, "बरणी घातली आहे. पाडव्याला उघडतो. लोणचं साधलं तर माझं एकट्याचं सगळं नीट चाललंय असं समज आणि आईला परत पाठव. बिघडलं तर मी मुकाट्याने पुण्याला येतो." एखाद्या संसाराचा निकाल लोणच्यावर ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मला हसू आलं.

दोन दिवसांनी ऑफिसात फोन आला. काकू कुजबुजत होत्या. "भैया, ते मीठ नेहमी कमी घालतात. दर वर्षी ते दुपारी झोपले की मी वर जाऊन घालते. यंदा कोण घालणार? बुरशी येईल हो. मला इथे नाही राहायचं."

रविवारी दुपारी मी एका हातात भाजलेल्या मिठाची वाटी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन चोरासारखा गच्चीवर गेलो. तिथल्या खोलीत, उघड्या दारासमोरच्या खाटेवर काका घोरत होते. फोनच्या पडद्यावर काकूंचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसत होता. "चमचा कोरडा आहे ना? घाला. अजून एक. बस, बस." मी थांबलो. तेवढ्यात खाटेवरून, घोरणं जराही न मोडता, एक बोट वर उठलं. अजून एक चमचा. मी मुकाट्याने घातला आणि फोन बंद केला.

काकांनी डोळे उघडले. "छत्तीस वर्षं तिचा वाटा ठेवतो मी," ते म्हणाले. "मीठ मला कळत नाही असं वाटलं की काय तुम्हाला?"

"पण काका, यंदा त्या पुण्याला. मग कमी कशाला घातलंत?"

"फोन आहे की."

"आणि त्यांनी फोन केलाच नसता तर?"

काका उठून बरणीपाशी आले, तिचं फडकं पुन्हा पुन्हा घट्ट बांधत राहिले. "तर तिलाच यायचं नाही असं समजलो असतो. बिघडू दिलं असतं."

लोणचं साधलं. वैशाखात काकू काठी टेकत परत आल्या आणि पाय धुवायच्या आधी जिना चढायला लागल्या. बावीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक विश्रांती. काका दोन पायऱ्या मागे, हात पुढे धरून. वर गेल्यावर काकूंनी एक कळी तोंडात टाकली, माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "यंदा मीठ एक चमचा जास्त झालंय." काका म्हणाले, "हात एकच आहे बाई, माझा." मी दोरीवरचे कपडे काढायला लागलो.

यंदा माझी बदली झाली. निघताना काकांनी सुकवलेल्या कळ्यांची पुरचुंडी दिली आणि कृती तोंडी सांगितली. नव्या गावी मी एकटाच राहतो. सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं, मीठ जरा कमी घातलं, बरणी बाल्कनीत ठेवली आणि रविवारी दुपारी तिच्याजवळ डोळे मिटून पडून राहिलो. कोणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बुरशी धरली. काकांना फोनवर सांगितलं, तर मागून काकूंचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, पुढच्या फाल्गुनात इकडे या. मी घालते."