जागचं हलायचं नाही

ताईंना सगळी आळी ताई म्हणे, अर्थात एक नवरा सोडून. बालवाडीत त्यांनी उभी हयात घालवली. पोरांचं लटांबर बागेत न्यायचं म्हटलं की बाकीच्या बाया काढता पाय घ्यायच्या, ताई मात्र पदर खोचून तयार. त्यांचे नियम दोनच. हरवलात तर जागचं हलायचं नाही, मी शोधत येते. आणि पोराला बोटाला धरायचं नाही, मनगटाला धरायचं. घामेजली बोटं कधी निसटतील नेम नाही. रस्ता ओलांडताना त्या मिस्टरांनाही तस्संच धरायच्या. “अगं, मी काय तुझ्या बालवाडीत आहे का?” म्हणत ते चारचौघांत लाजायचे, पण हात काही सोडवून घ्यायचे नाहीत.

आता मिस्टरांना आठवेनासं झालं होतं. कधी नातेवाईक विसरत, कधी जेवल्याचं विसरत. दोघं परदेशी लेकीकडे आली, तेव्हा लेकीनं पहिल्याच दिवशी बजावलं, “आई, बाबा एकदा जरी हरवले ना, तर मी तुझं काहीएक ऐकणार नाही. अशा माणसांना सांभाळणारी संस्था आहे, तिथे ठेवायचं.” लेक दुष्ट नव्हती, घाबरली होती. ताईंनी कबूल केलं. न करून सांगतात कुणाला?

मिस्टर छापखान्यात मशीनवर होते. खिडकीशी बसलेली, डोक्यावरून निळी शाल घेतलेली बाई, या एका चित्राचं कॅलेंडर त्यांनी वर्षानुवर्षं छापलं. शालीचा निळा मनासारखा उतरला नाही म्हणून घरी येऊन चरफडायचे. ते मूळ चित्र इथल्याच संग्रहालयात आहे हे कळल्यावर ताईंना कुठलं राहवतंय! लेक कामावर गेली आणि या निघाल्या मिस्टरांना घेऊन.

चित्रासमोर मिस्टर जे उभे राहिले ते राहिलेच. ताईंना मात्र केव्हाचं बाथरूमला जायचं होतं. कळ काढून काढून शेवटी नाइलाज झाला.

“इथंच थांबा हं. जागचं हलायचं नाही.”

“हं,” नजर न काढता मिस्टर म्हणाले.

ताई परतल्या. तांबड्या भिंतींचं दालन, मधोमध बाकडं, भिंतीपाशी माणसांची झुंबड. मिस्टर नाहीत. ताई गर्दीत घुसल्या, एकेका टकलाला वळसा घालून चेहरे पाहिले. भिंतीवर काय टांगलंय ते बघायचं भान होतं कुणाला? मग पुढचं दालन, त्याच्या पुढचं, जिना, पुन्हा वर. जिन्याच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता आणि गाड्या सुसाट चालल्या होत्या. बाहेर पडले असतील तर? भाषा येत नाही, पत्ता आठवत नाही. आयुष्यभर लोकांची पोरं सांभाळली आणि स्वतःचा माणूस घालवला, म्हणून त्या स्वतःलाच शिव्या घालत होत्या.

पहारेकऱ्याला त्यांनी हातवारे करून टक्कल सांगितलं, चष्मा सांगितला. त्यानं त्यांच्या मोबाइलकडे बोट दाखवलं. म्हणजे, घरच्यांना बोलवा. ताईंनी लेकीचा नंबर काढला. पण बटण काही दाबेनात. एकदा फोन लागला की मिस्टर संस्थेत गेलेच म्हणायचे. एवढ्यात घंटा झाली, बंद व्हायची वेळ झाली म्हणून लोक दाराकडे निघाले.

हलायचं नाही म्हटलं होतं ना, मग ते चित्रापाशीच असणार! ताईंनी फोन पिशवीत टाकला, अंगावरची शाल डोक्यावरून घेतली आणि जवळच्या बाकड्यावर चित्रातल्या बाईसारख्या, खिडकीशी बसल्यागत बसल्या. पहारेकरी बघतच राहिला. मग हसून मान डोलावत त्यानं वाट दाखवली.

दोन दारं ओलांडली, आणि पुन्हा तांबड्या भिंती, पुन्हा तसंच बाकडं! बाथरूमहून परतताना त्या दुसऱ्याच दालनात शिरल्या होत्या. इथे निळ्या शालीसमोर मिस्टर ताठ उभे होते आणि एक पहारेकरीण त्यांना बाहेर चलायला विनवत होती.

“अहो!” ताई ओरडल्या.

मिस्टरांनी वळून पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीनं.

“तुम्ही तरी सांगा हो हिला,” ते म्हणाले. “आमची मंडळी मला शोधत येणार आहे. मला हलता येत नाही.”

ताईंनी पुढे होऊन मिस्टरांचं मनगट धरलं, घट्ट.

मिस्टरांनी मनगटाकडे पाहिलं, मग ताईंकडे.

“आलीस होय? किती वेळ लावलास! मी हललो नाही हं.”

पायऱ्या उतरताना ताईंना हुंदके आवरत नव्हते. तेवढ्यात फोन वाजला.

“आई, घरी कुणीच नाही! कुठे आहात? बाबा हरवले का?”

फोन ठेवून द्यावा, थाप मारावी, सगळं मनात येऊन गेलं. मनगट न सोडता ताई म्हणाल्या, “नाही गं. मी हरवले होते. बाबा होते तिथेच होते.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“बरं. आता दोघंही जागचं हलू नका. मी शोधत येते.”