बसक्या गळ्याचा पक्षी

मी शॉर्टवेव्हचा चांगला रिसीव्हर घ्यायला निघालो तेव्हा माझे कान अधू व्हायला लागले होते. ही गोष्ट मी सोडून घरादाराला ठाऊक होती. मला कुणी सांगितली नाही, कारण माझा स्वभाव. दोन दुकानदारांशी भांडून झालं, एका सज्जन माणसाचं मन दुखावून झालं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

माझी सगळी नोकरी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, कॉम्प्रेसर हाऊसमध्ये गेली. तिथे तोंडाने बोलण्यात अर्थ नसायचा. आम्ही हातांनी बोलायचो. तळहात आडवा फिरवला की मशीन बंद. अंगठा ओठाला लावला की चहा. एक बोट वर करून गोल फिरवलं की सुरू झालं, नीट चालतंय. कानात घालायला बोळे मिळायचे, ते आम्ही खिशात घालायचो. संध्याकाळी पेणला परतताना गाडी कासूला थांबली की एकदम शांतता व्हायची आणि आम्हा चौघांचं बोलणं अख्ख्या डब्याला ऐकू जायचं. लोक हसायचे, "कंपनीवाले आले." आम्हाला त्याचा अभिमानच वाटायचा. घरीही मी ओरडूनच बोलायचो आणि समोरचा पुटपुटतो म्हणून चिडायचो. बहिरेपणाला आम्ही कंपनीची सवय समजत होतो. शांत जागी काम करणाऱ्या माणसाला ही चूक इतकी वर्षं जमली नसती.

शॉर्टवेव्हचा नाद मला रोह्याच्या एका मास्तरांनी लावला. नदीकाठी त्यांचं छोटं घर होतं आणि खिडकीतून माडापर्यंत तांब्याची तार गेलेली होती. लांबच्या देशातलं स्टेशन पकडायचं, किती वाजता, कुठे, किती स्वच्छ लागलं ते लिहून त्या स्टेशनला टपालाने कळवायचं. खरं असेल तर तिकडून पोचकार्ड येतं. शिफ्ट सुटल्यावर मी तास तास त्यांच्याकडे बसायचो. माझ्याकडे त्या कार्डांचे दोन डबे भरलेत. बायको म्हणायची, "नातेवाइकांची पत्रं येत नायत आणि ही कोण माणसं लिहितात तुम्हाला?" ती हमरापूरची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तिच्याकडे असायची. माझ्या रेडिओला ती खरखऱ्या म्हणायची.

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, आता एकदाच उत्तम सेट घ्यायचा. आयुष्यभर साध्या रेडिओवर भागवलं होतं. मागवलेला पहिला सेट मी आठवड्यात परत केला: आवाज दबका. दुसऱ्या दुकानातून आणलेलाही भांडून परत: कापूस भरल्यासारखा. दुकानदार म्हणाला, काका, तुमच्याशिवाय कुणाची तक्रार नाही. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग भाच्याने बाहेरदेशातून एक नवा, हातात मावणारा डिजिटल सेट आणला. त्यातही मला काही तरी कमी वाटत होतं.

तेवढ्यात मास्तरांचा निरोप आला. ते मुलाकडे राहायला निघाले होते आणि त्यांचा मोठा रिसीव्हर बरोबर नेता येणार नव्हता. तो सेट मी वर्षानुवर्षं लांबूनच पाहिला होता. एका माणसाला जेमतेम उचलेल असा, समोर भरपूर बटणं, मधोमध वाटीएवढं जड चक्र. बोटाने नुसतं हलवलं तरी काटा केसभर सरकायचा.

"तुलाच द्यायचाय," मास्तर म्हणाले. "पण कपाटावर ठेवायला नाही. आठ दिवस ने. लांबच्या बेटावरचं ते पक्ष्याचं स्टेशन माहीत आहे ना, ते ह्यावर आणि तुझ्या भाच्याच्या सेटवर, दोन्हीवर लाव. मीही माझ्या छोट्यावर लावीन. रिपोर्ट घेऊन ये, मग ठरव."

ते स्टेशन आम्हा सगळ्या नादी माणसांच्या आवडीचं. बातम्यांच्या आधी काही मिनिटं फक्त एका पक्ष्याची शीळ पुन्हा पुन्हा वाजायची. मग निवेदक बोलायचा. शीळ बारीक, उंच. ती लागली की सेट खरा.

पेणमध्ये आमच्या गल्लीत तेव्हा रंगाचे स्प्रे मारणारे दोन कारखाने होते, त्यांच्या मोटारींची घरघर रेडिओत यायची. तरी मी चार दिवस नेटाने ऐकलं. निवेदक दोन्ही सेटवर मिळाला, पक्षी एकावरही नाही. पाचव्या दिवशी मी गाडी पकडून रोह्याला गेलो आणि मास्तरांच्या हातात रिपोर्ट ठेवला. त्यांच्या वहीत त्याच चार संध्याकाळी लिहिलेलं होतं: पक्षी स्पष्ट.

मी म्हणालो, "मास्तर, तुमचा मोठा सेट संपला. आणि स्पष्ट स्पष्ट म्हणता, सवयीने लिहिता की ऐकून?"

 मास्तरांनी वही मिटून फळीवर ठेवली आणि मला चहासुद्धा विचारला नाही. तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

परतीच्या गाडीत मला माझीच लाज वाटत होती, पण हेका सुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी मोठी बॅटरी, तार, दोन्ही सेट आणि बायकोला रिक्षात घालून मी धरमतरच्या अलीकडे खाडीकाठच्या खारेपाटात गेलो. तिथल्या बांधावर ना विजेची तार, ना मोटार. दोन्हीकडे खारं पाणी, आणि शॉर्टवेव्हला खारी जमीन मानवते. बायको येत नव्हती. "खरखऱ्या ऐकायला खाडीवर कोण जातं गो बाई," असं शेजारणीला सांगून, डबा घेऊन शेवटी आली.

सूर्य कलला होता. खाडीतून एक बार्ज धक्क्याकडे चालला होता. मी मोठा सेट लावला, काटा जागेवर आणला. खरखर, बाकी काही नाही. मिनिटं गेली. मी वैतागून म्हणालो, "बघ, मुका आहे."

तिने भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "मुका कसा? पाखरू वरडतंय की कवापासून."

"कुठे?"

"ह्याच्यात. आता थांबलं. हे बघा, परत." तिने बोट वर केलं.

मला फक्त खरखर येत होती. मी दुसरा सेट लावला. तिने पुन्हा बोट वर केलं. मग माझा चेहरा बघून तिने डबा बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाली, "दारावरची बेल पण तुम्हाला नाय ऐकू येत. दोन वर्षं झाली. सांगितलं तर भांडाल म्हणून नाय बोलले."

पेणच्या डॉक्टरांनी कानांचा आलेख काढून दाखवला. जाड आवाज ठीक, बारीक आवाजांची रेघ उतरून तळाला गेलेली. ते परत येणार नाहीत, म्हणाले. माणसांचं बोलणं मशीन लावून बरंच सुधारेल. "पक्षी?" मी विचारलं. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

मी घरी आलो आणि दोन्ही सेट खोक्यात भरले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. ज्याला शीळ ऐकू येत नाही त्याने उत्तम सेट घेऊन करायचं काय? दुसऱ्या दिवशी मास्तरांची माफी मागून मोठा परत द्यायचा, कार्डांचे डबेही त्यांनाच द्यायचे, असं मी बायकोला सांगून टाकलं.

ती म्हणाली, "द्या. पण एकदा मला नीट ऐकू द्या ते पाखरू. बांधावर अर्धंच ऐकलं."

म्हणून आम्ही परत खारेपाटात गेलो. शेवटचंच आहे तर मास्तरांनी शिकवलेली सगळी कारागिरी करून लावावं, असं मला वाटलं. मोठ्या सेटमध्ये अशी सोय होती की स्टेशनची एकच बाजू गाळून घ्यायची, म्हणजे आवाज हेलकावे खात नाही. पण तेव्हा चक्र अगदी नेमक्या जागी आणावं लागतं. चुकलं तर आवाज भलताच होतो. नेमकी जागा कानाने ठरवायची, आणि माझा कान तर हा असा.

"तू फिरव," मी म्हणालो. "आखणी करतेस तसा हात ठेव."

तिने मनगट टेकवलं, श्वास धरला आणि चक्र केसभर सरकवलं. आणखी केसभर. मग आणखी. तिचं कुतूहल वाढलं असावं, ती फिरवतच राहिली. काटा सरळसरळ जागा सोडून पुढे गेला. शिकाऊ माणूससुद्धा अशी चूक करत नाही. मी ओरडणार होतो, "अगं, बिघडवलंस."

"मेलं," ती म्हणाली, "पाखराचा गळाच बसला."

आणि मला ऐकू आलं. जाड, घोगरं, आमच्या परसातल्या भारद्वाजासारखं. एकदा, मग थांबून परत एकदा. जागा चुकल्यामुळे सगळा आवाजच खाली उतरला होता, माझ्या कानाची जिथवर पोच उरली होती तिथवर. तोच पक्षी होता. भाच्याच्या सेटवर मी लगेच करून पाहिलं. त्यात ती सोय नव्हती, नुसती खरखर वाढली.

तिने चक्रावरचा हात तसाच ठेवून विचारलं, "येतंय का ऐकू?"

 मी एक बोट वर केलं आणि गोल फिरवलं. इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार केलेली बाई, तिला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेलो. माफी मागताना ततपप झालं, म्हणून सरळ रिपोर्ट पुढे केला. मास्तरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. त्यात मी लिहिलं होतं: पक्षी ऐकू आला. सेट मुद्दाम चुकीच्या जागी लावून. सेट उत्तम, दोष ऐकणाऱ्याचा. खाली ऐकणाऱ्याच्या नावापुढे मी दोन नावं लिहिली होती, पहिलं तिचं.

मास्तरांनी आत वळून चहा टाकायला सांगितला. मग कपाटातून त्या मोठ्या सेटची मूळ माहितीपुस्तिका काढून माझ्या हातात दिली.

तोच रिपोर्ट मी बेटावरच्या स्टेशनला टपालाने धाडला. महिन्याभराने तिकडून पोचकार्ड आलं. पोस्टमनने दारात बायकोचं नाव वाचलं, तेव्हा ती हातातला ब्रश घेऊन तशीच बाहेर आली.