खंडेनवमीला मशीनवरून कोण उतरलं

"उतर खाली. आज तुझं काम न्हाय."

आबा हे बोलला तेव्हा मी फोर्कलिफ्टच्या सीटवर होतो. खंडेनवमीचा दिवस. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतलं गोदाम. सकाळी लवकर येऊन मशीन मीच धुतलं होतं. माल उचलायच्या काट्यांवरचं जुनं ग्रीस रॉकेलनं पुसलं होतं, चाकांत अडकलेली माती काडीनं उकरून काढली होती. झेंडूची माळ बांधली तीही मीच. मालक बायकामुलांना घेऊन आले होते. भटजींनी चाकांपुढं लिंबं ठेवली होती. आता कुणीतरी मशीन त्या लिंबांवरून पुढं घ्यायचं आणि नारळ फोडायचा, एवढंच राहिलं होतं.

आबा म्हणजे गोदामाचा सुपरवायझर. हमालांची टोळी त्याच्या गावची, त्याच्या भावकीची.

"मीच चालवतो की रोज," मी म्हणालो.

"रोजचं रोज. आज देवाचा दिवस हाय. आणि तुमच्यात देव कुठं मानत्यात? मग तुला काय करायचंय सीटवर?"

हमाल हसले. मालकांची लहान मुलगीही हसली. तिला काही कळलं नसावं, मोठे हसले म्हणून हसली. मी उतरलो. आबाचा पुतण्या पांढरे कपडे घालून चढला. त्याला फक्त ट्रॅक्टर यायचा. मशीन हिसके देत पुढं गेलं, लिंबं चिरडली, टाळ्या झाल्या. नंतर सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. माझा पेढा कागदावर ठेवून कागद माझ्याकडं सरकवला.

मी तो खाल्ला.

आमच्या वस्तीत ही गोष्ट वेगळी सांगतात. मी उतरलो नाही असं सांगतात. सीटवर ठाम बसून राहिलो, आबाला तोंडावर नकार दिला, पूजा दुसऱ्या मशीनवर करावी लागली. दर वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात हे माइकवरून सांगितलं जातं आणि मला शाल दिली जाते. ते खोटं आहे. नकार देणारं माणूस दुसरंच होतं. मी त्या माणसाच्या विरुद्ध उभा होतो. हे लिहायला इतका उशीर झाला याला कारण दुसरं कुणी नाही, मीच.

आधी मी मशीनवर कसा चढलो ते सांगतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी हातकणंगले तालुक्यातला, आमचं घर बौद्ध. गोदामात हमाली करायचो. साखरेची पोती, सुताचे गठ्ठे, फौंड्रीतून आलेला माल. एक दिवस फोर्कलिफ्ट आलं. टोळीतले लोक त्याला लांबूनच बघायचे. हे आपल्या पोटावर पाय देणार असं सगळे म्हणत होते. त्यातच पहिल्या आठवड्यात आबाच्या पुतण्यानं मालाची अख्खी रास पाडली. ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, या मशीनची मागची. तो पुढं बघून वळवायचा आणि मागचा भाग जाऊन रॅकवर आदळायचा. मग कुणी नाव देईना. शिकवायला पुण्याहून एक सर आले तेव्हा आबानं मला पुढं ढकललं. मरायचं तर यानं मरावं, असा हिशोब.

सरांनी पहिल्या दिवशी मशीन चालू केलंच नाही. चावी हातात धरून म्हणाले, "ही तुमच्या ताब्यात आली की मशीनखाली येणारा प्रत्येक माणूस तुमच्या जबाबदारीवर. जो शिकलेला नाही त्याला चावी द्यायची नाही. मालकानं मागितली तरी नाही."

मी शिकलो. हात बसला. वर्षभरात असा झालो की उभ्या रॅकमधून अंड्यांचा ट्रे काढावा तसा मालानं भरलेला लाकडी पॅलेट काढायचो. पगार वाढला. तेव्हा टोळीच्या लक्षात आलं की हे काम सावलीतलं आहे, बसून करायचं आहे. पण तोवर माझ्याशिवाय चालेना. वर्षभर मी पाहिजे असायचो. एक दिवस नको असायचो.

पहिल्या वर्षी आबानं उतरवलं. पुढच्या वर्षापासून त्याला सांगावं लागलं नाही. खंडेनवमीला मशीन धुवायचं, माळ बांधायची, चावी तशीच लावून ठेवायची आणि गेटजवळ जाऊन उभं राहायचं. मी स्वतःला समजावायचो, आपण तरी कुठं पूजा करतो? आपला धम्म वेगळा. आबाचंच वाक्य मी माझं करून घेतलं होतं. जिचा अपमान वाटायला हवा ती गोष्ट मी तत्त्व म्हणून मिरवत होतो.

मग रंजना आली.

ती आधीपासून गोदामात होतीच. फाटलेली पोती दाभणानं शिवायची, सांडलेली साखर झाडून गोळा करायची. कबनूरहून रोज एसटीनं यायची. नवरा तिथं यंत्रमागावर. ती पण आमच्याच समाजाची. दोन हजार सालानंतर एका मोठ्या कंपनीनं गोदामाचा निम्मा भाग भाड्यानं घेतला. त्यांची अट होती, मशीनवर बायकाही पाहिजेत. दोघींनी नावं दिली. एकीला घरून परवानगी मिळाली नाही. राहिली रंजना. शिकवायला मी.

पहिल्याच दिवशी एक हमाल ओरडला, "बाई, आता सैपाक बी फोर्कलिपवरच करा."

"करीन की," ती म्हणाली. "तू ताट घिऊन खाली हुबा ऱ्हा, वरनं वाढते."

टोळी खदाखदा हसली. त्या दिवसापासून तिला थेट कुणी काही बोललं नाही. मागून बोलायचे.

ती चांगली शिकली. माझ्यापेक्षा लवकर. मागं वळून बघितल्याशिवाय तिचा हात कधी लिव्हरवर गेला नाही. मी तिला सरांचा पहिला धडा तसाच दिला, चावीचा. बायकांचा संडास पार ऑफिसपलीकडं होता, मधे सगळं ट्रकांचं आवार. ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. हे मला दिसत होतं. मॅनेजरला एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं, कारण कंपनीलाच बाई मशीनवर हवी होती. मी बोललो नाही. तिचं ती बघेल, म्हणालो. कंपनीचे साहेब आले, पिवळं हेल्मेट घातलेला तिचा फोटो काढला, ऑफिसात लावला. फोटोखालून ती दिवसातून एकदाच, लंगडत लंगडत संडासाला जायची. बसून बसून पाय आखडायचे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला दोन मशीन होती. नवं मशीन तिच्या ताब्यात. पूजा नव्याची. ती बसून होती, इंजिन चालू. आबा तिच्याकडं गेला नाही. माझ्याकडं आला.

"तुझ्याच समाजाची हाय. तूच सांग तिला. बाईमाणूस, आज कावळा शिवलाय का न्हाय कुणाला म्हाईत. मालक यायच्या आत उतरव."

मी गेलो. आबाला म्हणू शकलो असतो, तूच सांग. तेवढंही म्हणालो नाही.

"रंजना, उतर. पूजेपुरतं."

"का?"

"ह्यांचं असतंय तसं. आपल्याला पूजा करायची न्हाय."

"पूजा मला बी करायची न्हाय, मामा. पर मशीन माझ्या ताब्यात हाय. ह्यो पुतण्या चढणार, त्याला येत न्हाय. हितं बारकी पोरं हुबी हाईत. तुम्हीच शिकवलंय की, चावी कुणाला द्यायची न्हाय."

"एका दिवसाचा प्रश्न हाय गं."

"तुमचा किती वर्षांचा झाला?"

ती मोठ्यानं बोलली नव्हती. फक्त मी ऐकलं. मी हात आत घातला, चावी फिरवली आणि काढून घेतली. इंजिन बंद झालं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही, हाताकडं पाहत राहिली.

तरी ती उतरली नाही. बंद मशीनवर बसून राहिली. मालक आले, मॅनेजर ओरडला, आबानं आईबहिणीवरून शिव्या घातल्या. ती तशीच. शेवटी मालक म्हणाले, जुन्यावर उरका. लिंबं उचलून जुन्या मशीनपुढं नेली, त्यावर पुतण्या चढला. आरती झाली, पेढे वाटले, पोरं नारळाचे तुकडे खात तिच्याकडं बघत होती. सगळं आटोपल्यावर ती आपली आपण उतरली.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर मॅनेजरनं मला बोलावलं. "शिकवलं तुम्ही. तुमचं मत काय? ठेवायची का मशीनवर?"

मी म्हणालो, "हात चांगला हाय. पर डोकं तापट. असलं माणूस मशीनवर धोक्याचं."

कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. नोकरी जायची भीतीही नव्हती, मी त्यांना हवाच होतो. मला तिचा राग आला होता. जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते ती एका सकाळी, बसल्या जागी करून गेली होती. ती मशीनवर दिसली असती तर मला रोज माझं गेटजवळचं उभं राहणं दिसलं असतं. म्हणून मी तिला तिथून काढलं. आबानं तिच्यापुढं झाडू धरला. तिनं तो घेतला नाही. गेली.

त्यानंतरच्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्या पोरांनी माझं नाव पुकारलं. कुठल्यातरी ट्रक ड्रायव्हरकडून त्यांना समजलं होतं की शिरोलीच्या गोदामात आपल्या माणसानं खंडेनवमीला मशीनवरून उतरायला नकार दिला. मशीनवरचं आपलं माणूस म्हणजे मीच, दुसरं कोण? बाई असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. मला स्टेजवर नेलं. शाल घातली. मी गप्प राहिलो. पहिल्या वर्षी गप्प. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं तेव्हा मान हलवली. तिसऱ्या वर्षी मी स्वतः सांगायला लागलो. आबाचं तोंड कसं पडलं, मालक कसे खाली बघत होते. तिच्या बसण्याचं वर्णन मी माझं म्हणून करत होतो, आणि चांगलं करत होतो, कारण सगळं जवळून पाहिलेलं होतं.

निवृत्त झालो. या वर्षी पोरांनी विहारात काही मुली आणल्या. फोर्कलिफ्टच्या प्रशिक्षणाला जाणाऱ्या. काकांचा अनुभव ऐका म्हणाले. मी नेहमीचं सांगितलं. एका मुलीनं हात वर केला.

"काका, तुम्ही बसून ऱ्हायलासा खरं, पर त्यांनी चावी काढून घेतली न्हाय का? आमच्या सरांनी तर पयला चावीचंच सांगितलंय."

मशीन शिकलेलं माणूसच हे विचारू शकतं. मी माइक खाली ठेवला. पोरं म्हणाली, काका भावुक झाले. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी मी कबनूरला गेलो. रंजना एका यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. मागांचा खडखडाट इतका की बाहेर येऊन बोलावं लागलं. केस पिकलेत. मला ओळखलं.

"तुमचा सत्कार हुतोय म्हणून कळलं हुतं," ती म्हणाली. "हितं बी येत्यात बातम्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाफुडं? बाई मशीनवर हुती, ह्येच कुणाला खरं वाटंना. फोटो बी काढून टाकला त्यांनी."

"माझं चुकलं. माफ कर."

तिनं पदरानं हातावरची रुई झटकली. "माफी हितं मागतायसा व्हय? भिंतीआड? शाल तर चारचौघांत घेतलीसा."

आणि आत गेली. तिचं काम थांबलं होतं.

कार्यकर्त्यांना मी सांगितलं. ते कावरेबावरे झाले. एक जण म्हणाला, "काका, आता कशाला उकरताय? ही पोरं तुमचं ऐकून उभी ऱ्हात्यात. विरोधक हसतील." दुसरा म्हणाला, तिचाही सत्कार करू, तुमच्याबरोबर, एकाच स्टेजवर. मी नको म्हणालो. माझ्याशेजारी तिला बसवायचं म्हणजे पुन्हा तिच्या निम्म्या मानावर माझा हक्क.

आबानं मला हीन लेखलं. ते त्याचं. ज्यांनी हसून साथ दिली ते त्यांचं. पण आपल्याच माणसाला खाली ओढून त्याच्या जागेवर हार घालून घ्यायचे, हे मी केलं. वरच्यांची नक्कल मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि बाईवर ती सोपी गेली.

येत्या जयंतीला मी स्टेजवर चढणार नाही. खाली, बायका बसतात त्या बाजूला उभा राहून सगळं सांगेन. तिचं नाव घेऊन, माझं कृत्य न लपवता. त्या शिकणाऱ्या मुलींना पुढं बसवा म्हणून आधीच निरोप दिलाय. रंजना येईल का माहीत नाही. तिनं येऊ नये असंही वाटतं. मला बघायला तिनं एसटीचा हेलपाटा का घालावा. पोरं चिडतील, म्हातारपणी वस्तीत कुणी बोलणार नाही. चालेल. माइक दिला नाही तर विनामाइक बोलेन. शेवटच्या बाईला ऐकू जाईपर्यंत थांबणार नाही.