पार्सलावरचं नाव

पार्सलं बांधणाऱ्या वनमालाबाई लेबलावरचं नाव मोठ्यानं वाचायच्या, मग खोक्यातल्या बिलावरचं वाचायच्या, आणि दोन्ही जुळली तरच लेबल चिकटवायच्या. बालाघाटच्या आमच्या औषधांच्या दुकानातून बैहर, परसवाड्याकडच्या गावांना बसनं पार्सलं जात. आधी पत्ते वनमालाबाईच हातानं लिहीत. दोन हजार सालानंतर दुकानात कॉम्प्युटर आला, लेबल छापायचं यंत्र आणि चिकट लेबलांचे रोल आले, आणि ते चालवायला मी आले.

"मावशी, यंत्र चुकत नाही," मी म्हणायचे.

"मशीनले काय मालूम कोनाची दवाई हाय ते? तू वाच, मंग चिटकव."

एका सोमवारी त्या डोळे तपासायला गेल्या होत्या. रोल यंत्रात अडकला. मी ओढून काढला, तेव्हा दोन लेबलं सुटून हातात आली. समोर दोन सारखीच खोकी होती. बस सुटायची वेळ झाली होती. मी अंदाजानं लेबलं लावून टाकली.

बुधवारी बैहरहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाच्या फिटच्या गोळ्यांऐवजी मधुमेहाच्या गोळ्या आल्या होत्या. म्हणजे फिटच्या गोळ्या दुसऱ्या खोक्यातून परसवाड्याजवळच्या गावातल्या आमच्या गिऱ्हाइकाकडे, झनकलालजींकडे गेल्या होत्या, आणि त्यांच्याकडे फोन नव्हता.

मालकांनी बैहरचं औषध लगेच जीपनं रवाना केलं. वनमालाबाईंनी झनकलालजींच्या गोळ्या पिशवीत घातल्या. चूक कोणाची, हे त्यांनी विचारलंच नाही. "चाल," एवढंच म्हणाल्या.

आम्ही बस धरली. परसवाड्याहून पुढे दीड कोस चालत गेलो. म्हातारे झनकलालजी खाटेवर पडून होते. दोन दिवस त्यांनी त्या फिटच्याच गोळ्या घेतल्या होत्या. डोकं गरगरत होतं, जीभ जड झाली होती.

"गलती किसने की?" त्यांनी विचारलं.

मी वनमालाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सांग."

"मैंने की," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

गोळ्यांसाठी त्यांनी वनमालाबाईंपुढे हात केला. बाईंनी पाकीट माझ्या हातात दिलं. "इच्याच हातानं घ्या, भाऊ. पन आधी डॉक्टरले दाखवू." गावातली एक जीप मागून आम्ही त्यांना परसवाड्याच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ते बरे होऊन घरी गेले. पुढेही त्यांनी औषध आमच्याकडूनच मागवलं.

मी मात्र वर्षभर बाईंवर मनातून रुसून होते. डोळे अगदीच गेले म्हणून त्यांनी काम सोडलं, त्या दिवशी मी विचारलं, "मावशी, झनकलालजींपुढे मला सांभाळून का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तं तू वाचली असती, हौ. पन त्या मानसानं पुढं कोनाच्या भरवशावर दवाई खाल्ली असती?" मग त्या म्हणाल्या, "मलेबी वाईट वाटलं होतं, पोरी. तू रडून राह्यलती."

त्यानंतर त्या गोंदियाला मुलीकडे गेल्या. दोन वर्षांनी एका सकाळी दुकानात फोन आला, मावशी गेल्या. दुपारच्या बसची चौदा पार्सलं बांधायची होती. एकेक नाव दोनदा वाचून, ती बसवर चढवूनच मी गोंदियाची गाडी धरली.

पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी दारातच म्हणाली, "लय उशीर केला तुमी."

"हौ," मी म्हणाले. कारण सांगितलं नाही. मावशींनी ते विचारलंच नसतं.